मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं तेव्हा

मे महिन्यातली रात्र होती. आमचा बोका बंड्या मोरीत जाऊन बसायचा, दोन मिनिटांनी उठायचा, परत वाळूच्या घमेल्यात जाऊन बसायचा. पाठ वाकलेली, शेपटी ताठ आणि वाळू कोरडीच. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. मी कोमट दुधात चमचाभर तूप घालून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने नुसता वास घेतला आणि कॉटखाली जाऊन बसला. सकाळी हाक मारली तरी बाहेर येईना. हळूच ओढून काढला, तर पोटाला हात लागताच किंचाळला. पोटाच्या मागच्या भागात लिंबाएवढा कडक गोळा हाताला लागत होता. लघवीने तट्ट फुगलेलं मूत्राशय होतं ते.

आमच्या जामखेडहून कडा-आष्टीच्या रस्त्याने नगर पाऊणशे किलोमीटर. अर्ध्या वाटेत बंड्या तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. डॉक्टरांनी नळी घालून लघवी मोकळी केली, तीन दिवस सलाईन लावलं. तो वाचला आणि पुढे सहा वर्षं जगला. पण डॉक्टर मला म्हणाले, "ताई, अजून चार-सहा तास गेले असते तर माझ्या हातात काही राहिलं नसतं." रात्रीचे सात-आठ तास माझ्या हातात होते. ते मी तूप-दूध करण्यात घालवले. हा लेख त्या सात-आठ तासांसाठी लिहिते आहे.

बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. बारीक खर किंवा चिकट साका अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडतं. तेव्हा बोका पुन्हापुन्हा लघवीला बसतोय, कण्हतोय, मागचा भाग सारखा चाटतोय आणि थेंबही पडत नाहीये असं दिसलं, की रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरला फोन करा. एरंडेल, तूप, बडीशेपेचं पाणी यात वेळ घालवू नका. भाटीची मूत्रनलिका रुंद असते, तिच्यात हे क्वचित होतं. पण लघवीत रक्त किंवा जळजळ तिलाही होते आणि तीही दाखवावीच लागते.

आमच्या गावाचं नाव जगात ज्या कामामुळे गेलं, त्याची मला या बाबतीत नेहमी आठवण होते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले आणि त्यांनी खेड्यापाड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या बायकांनी बघायला शिकून घेतलं. कुठलं दुखणं घरात निभावतं आणि कुठल्या दुखण्याला लगेच दवाखाना गाठायचा, हे त्यांना कळू लागलं आणि त्यामुळे माणसं वाचली. मांजरांचं तसंच आहे. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींची आणि शेळ्यांची रीघ असते, आणि खास मांजरांचा डॉक्टर हवा तर नगर किंवा पुणं गाठावं लागतं. मग पहिली आरोग्यसेविका कोण? घरात ज्या व्यक्तीच्या पायात मांजर घोटाळतं ती.

बघायचं मात्र बारकाईने, कारण मांजर दुखणं लपवतं. ते स्वतः शिकारी असलं तरी आकाराने लहान, म्हणजे कुत्र्याचं, कोल्ह्याचं भक्ष्यही. रानात ज्याने अशक्तपणा दाखवला ते संपलं. त्यामुळे आपल्या माळवदावर सुखाने राहणारं मांजरही दुखलं की ओरडत नाही. ते फक्त जागा बदलतं. रोज चुलीपाशी बसणारं कणगीमागे जाऊन बसतं. रोज अंग चाटणाऱ्याचे केस तेलकट आणि राठ होतात. खिडकीत एका उडीत चढणारं आधी खुर्चीवर चढतं, मग खिडकीवर. आपण म्हणतो, "म्हातारं झालं" किंवा "रुसलंय". मांजर रुसत नाही. माझं सगळ्यात मोठं सांगणं एवढंच आहे की मांजराचं वागणं बदललं की आधी दुखणं शोधा. खोड आहे असं तुम्ही म्हणाल तेव्हा दुखणं नाही याची खात्री झालेली असू द्या.

घरात चार गोष्टी बघता येतात आणि त्याला पैसे लागत नाहीत. पहिली, वजन. स्वतः वजनकाट्यावर उभं राहा, मग मांजराला उचलून उभं राहा, फरक लिहा. पिल्लाला किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवता येतं. साडेतीन-चार किलोच्या मांजरात तीनशे-चारशे ग्रॅम कमी होणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं पाच-सहा किलो उतरणं. केसांमुळे डोळ्यांना ते दिसत नाही, काट्याला दिसतं. दुसरी, श्वास. मांजर गाढ झोपलेलं असताना छाती अर्ध्या मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला पंधरा ते तीस हे ठीक. रोजच तीसच्या वर जात असेल तर दाखवा, आणि चाळीसच्या वर असेल तर उद्यावर ढकलू नका. तिसरी, हिरड्या. ओठ वर करून बघा. गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी खूण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. पांढऱ्या, पिवळ्या, निळसर किंवा तपकिरी हिरड्या हा धोक्याचा इशारा आहे. चौथी, घमेलं. वाळूत रोज लघवीचे किती गोळे आहेत हे उपसणाऱ्याला आपोआप कळतं. अचानक गोळे मोठे आणि जास्त झाले तर मूत्रपिंड किंवा मधुमेह, कमी झाले तर पाणी पोटात जात नाहीये किंवा लघवी अडते आहे.

ताप नाकावरून कळत नाही. कोरडं नाक म्हणजे ताप हा गैरसमज आहे, उन्हात झोपलेल्या मांजराचं नाक कोरडंच असतं. मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त, त्यामुळे त्याचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं.

उपाशी राहण्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त चुका होतात. "दोन दिवस लंघन झालं की होईल बरं," असं घरातली मोठी माणसं म्हणतात. माणसाला ते चालत असेल. मांजराने खाणं सोडलं की अंगातली चरबी यकृताकडे धावते आणि यकृताला ती पेलवत नाही. विशेषतः गुबगुबीत मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृत चरबीने भरून जातं, कानाची आतली बाजू पिवळी दिसायला लागते आणि मग मूळ आजार कुठलाही असो, हा नवा आजारच जीव घेतो. मोठ्या मांजराने एक पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. पिल्लाने अर्धा दिवस खाल्लं नाही तरी थांबायचं नाही. सर्दीने नाक चोंदलेलं मांजर वास न आल्यामुळे खात नाही; त्याला चिकनचा रस्सा कोमट करून, मीठ-मसाला-कांदा न घालता, समोर ठेवा. वासाने ते तोंड लावतं. तोंडात जबरदस्तीने पाणी किंवा पेज ओतू नका, ती फुप्फुसात जाते.

आता औषधांच्या डब्याबद्दल. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी तापलेल्या पिल्लाला अर्धी क्रोसिन पाण्यात कालवून दिली. किती मायेने दिली! दोन तासांत पिल्लाचं तोंड सुजलं, हिरड्या चॉकलेटी झाल्या, श्वास लागला. संध्याकाळपर्यंत ते गेलं. पॅरासिटामॉल पचवायला लागणारी यकृतातली रसायनं मांजराकडे जवळपास नसतातच. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या धडधाकट बोक्याचाही जीव घेऊ शकते. यावर उतारा आहे, पण पहिल्या काही तासांत मिळाला तरच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन हीसुद्धा मांजराला घातक ठरतात. काकूंना मी दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून इथे स्पष्ट लिहिते: माणसाची कुठलीही वेदनाशामक किंवा तापाची गोळी मांजराला देऊ नका. "लहान बाळाला चालते ना" हा हिशेब मांजराला लागू नाही.

दुसरी चूक आमच्या भागात खास घडते. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेलं औषध बादलीत उरतं, आणि मांजराच्या अंगावर पिसवा दिसतात, म्हणून त्यातच मांजराला बुचकळतात. त्या औषधांतलं डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ मांजराला फार जाचतं. अंगावर लावलेलं ते चाटून पोटात घेतंच. मग थरथर, लाळ, झटके. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे पिसवांचे थेंब मांजराला टाकणंही तितकंच घातक, कारण त्यांतल्या कित्येकांत परमेथ्रिन असतं. असं घडलंच तर भांडी घासायच्या साबणाने आणि कोमट पाण्याने अंग धुऊन दवाखान्याकडे निघा.

फिनेल आणि डेटॉलसारखी जंतुनाशकं हाही तोच प्रकार. फरशी पुसल्यावर मांजर त्यावरून चालतं आणि पंजे चाटतं. जखमेवर तर ती लावूच नयेत. बोक्यांच्या भांडणातली जखम धुवायला अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ पुरतं. पण वरून बारीक दिसणाऱ्या दातांच्या भोकात आत पू धरतो, दोन-तीन दिवसांनी गाठ येते, ताप येतो, तेव्हा डॉक्टरकडे जावंच लागतं. डांबर गोळ्या, कांदा-लसणाचं वाटण, गुलदस्त्यातली लिली यांपासूनही मांजर दूर ठेवा. लिलीचा नुसता परागही अंगावरून चाटला तर मूत्रपिंडं निकामी होतात.

ज्वारीची रास घरात आली की आमच्याकडे उंदीर येतात, आणि उंदरांसाठी औषध येतं. काळी भुकटी पिठात कालवून ठेवलेली असते, किंवा धान्यात ठेवायच्या गोळ्या असतात. मांजर पिठाचा गोळा सहसा खात नाही, पण तो खाऊन झिंगलेला उंदीर खातं. मांजर पाळलेल्या घरात विष ठेवू नका. शेजारी ठेवणार असतील तर त्यांना दोन दिवस आधी सांगायला सांगा आणि विष असेल तेवढे दिवस मांजर कोंडून ठेवा. विष पोटात गेल्याचा संशय आला तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. त्याने मांजर वाचत नाही, उलट त्याच मिठाने दगावतं. विषाची पुडी बरोबर घेऊन जा. नाव कळलं की डॉक्टरचं अर्धं काम होतं. आणि तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आतडं त्यावर चुरमडलेलं असतं, ओढलं की चिरतं.

खाण्याचं बोलते. मराठी घरात मांजराचं जेवण म्हणजे दूध-पोळी किंवा दूध-भाकरी. मीही कित्येक वर्षं तेच घातलं. मोठ्या मांजराला दूध बऱ्याचदा पचत नाही, ढाळ लागतात. पण खरा प्रश्न त्याहून खोल आहे. मांजराला टॉरीन नावाचं द्रव्य लागतं, ते त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही आणि धान्यात नसतं. ते मांसात, मासळीत असतं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पॉल पायन या पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की टॉरीन कमी पडल्याने मांजरांचं हृदय पसरतं आणि क्षीण होतं, आणि ते वेळेत दिलं तर हृदय सुधारतं. टॉरीनच्या कमतरतेने आंधळेपणाही येतो. शाकाहारी घरात मांजर असेल तर निदान मांजरांचं तयार खाद्य तरी आणा, त्यात टॉरीन घातलेलं असतं. कुत्र्याचं खाद्य नको. घरी शिजवत असाल तर कोंबडीचं हृदय, काळीज, मांस हाडांशिवाय उकडा आणि उकडलेलं पाणीही त्यातच द्या, कारण टॉरीन पाण्यात उतरतं. काळीज रोज आणि भरपूर नको, आठवड्यातून एक-दोनदा थोडंसं. नुसत्या कोरड्या दाण्यांवर राहणाऱ्या बोक्याला पाणी कमी पडतं, आणि बंड्यासारखी वेळ येते. दाणे भिजवून द्या. पाण्याची पसरट मातीची थाळी जेवणाच्या भांड्यापासून लांब, दोन-तीन ठिकाणी ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात पारा चाळिशीपार असतो तेव्हा हे जास्तच पाळा. कुत्रं धापा टाकतं ते साधं. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते संकट आहे. ओला फडका पंजांवर आणि पोटावर ठेवा, बर्फ नको, आणि निघा.

लशींमध्ये दोन चुकवू नयेत. एक, मांजरांची तीन आजारांवरची एकत्र लस. सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, मग वर्षाने. यात पॅनल्यूकोपेनिया हा आजार येतो, ज्याला बोलताना 'मांजरांचा पार्व्हो' म्हणतात. पिल्लू सकाळी खेळत असतं, दुपारी पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसतं, उलट्या, हगवण, आणि दोन दिवसांत संपतं. मी एका वेतातली तीन पिल्लं अशी घालवली आहेत. हा विषाणू घरात वर्षभर टिकतो. फिनेलने मरत नाही, ब्लीचिंगच्या पाण्याने मरतो. ते पाणी वाळेपर्यंत मांजर तिकडे जाऊ देऊ नका. तेव्हा एक पिल्लू गेल्यावर लगेच दुसरं बिनलशीचं आणू नका. दुसरी लस रेबीजची, तिसऱ्या महिन्यात आणि मग दरवर्षी. गावात या लशी एकेकट्या मांजरासाठी ठेवणं दुकानदाराला परवडत नाही, शीतपेटी लागते. आम्ही गल्लीतले पाच-सहा जण मिळून एकाच दिवशी मागवतो, तसं तुम्हीही करू शकता.

मांजर चावलं, ओरबाडलं तर, ते घरचं का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस तिथे मोफत असते. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, त्यामुळे वरून टिपक्याएवढी दिसणारी जखमही आत चिघळते.

घरात गरोदर सून असली की मांजर घालवा असा आग्रह होतो. टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो हे खरं. पण विष्ठा पडल्यापासून तो संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. घमेलं रोज दुसऱ्या कुणी साफ करावं, तिने करू नये, भाज्या धुऊन घ्याव्यात, मांस पुरतं शिजवावं. मांजर घालवायची गरज पडत नाही.

आता खोडींकडे येते. सगळ्यात जास्त तक्रार: मांजर अंथरुणावर मुततं.

आमच्या ओळखीच्या एका घरातली भाटी सात वर्षं घमेल्यात जात होती. दिवाळीआधी घराला रंग लागला, सामान हललं, पाहुणे आले, आणि तिने गादीवर सुरू केलं. तिला दोन चापट्या बसल्या, नाक गादीला घासून झालं. शेवटी ठरलं की पोत्यात घालून सौताड्याच्या बाजूला नेऊन सोडायची. मी म्हटलं, आधी लघवी तपासू. घमेल्यातली वाळू काढून धुतलेली बारीक खडी टाकली, त्यावर ती बसली, खाली जमलेली लघवी सिरिंजमध्ये घेतली. लालसर होती. मूत्राशयाला सूज आली होती. बाहेरचा जंतू नव्हता, घरातल्या उलथापालथीच्या ताणानेही मांजराला असं होतं. तिला घमेल्यात बसलं की दुखायचं, म्हणून ती घमेल्यालाच घाबरली आणि मऊ जागा शोधायला लागली. वेदनेचं औषध, ओलं खाणं, आणि माळ्यावर तिची एक शांत जागा. तीन आठवड्यांत गादी कोरडी झाली. चापट्यांनी ती फक्त माणसाला घाबरली असती, आणि लपून मुतली असती.

दुखणं नाही अशी खात्री झाली, तर मग घमेल्याकडे बघा. दारात बांधकामाची वाळू पडली की गल्लीतली सगळी मांजरं तिथे का जातात? मोकळी, मऊ, खणता येणारी, चारी बाजूंनी दिसणारी. घरात तेच हवं. बारीक चाळलेली वाळू तीन-चार बोटं, घमेलं मांजराच्या लांबीच्या दीडपट, जेवणापासून लांब, वॉशिंग मशीनशेजारी नको. दोन मांजरं असतील तर तीन घमेली. रोज उपसा, आठवड्याला पूर्ण बदला. मुतलेली जागा आधी पाण्याने, मग पातळ व्हिनेगरने पुसा. अमोनियाचं क्लीनर वापरलं तर मांजराला तो लघवीचाच वास वाटतो आणि ते तिथे पुन्हा शिक्का मारतं. भिंतीवर उभ्याने शेपटी थरथरवत फवारा मारणं ही वेगळी गोष्ट. ती हद्द आखण्याची, आणि बहुधा नसबंदी न केलेल्या बोक्याची.

नसबंदीबद्दल घरात संकोच असतो, पापाची भाषा येते. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येते, दोन महिन्यांहून थोड्या जास्त दिवसांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. वर्षाला दोन-तीन वेत. पिल्लं कुठे जातात हे आपल्याला माहीत आहे: पोत्यात, बाजारात, रस्त्याच्या कडेला. उपासमार होईल अशा तऱ्हेने जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पाच-सहा महिन्यांत नसबंदी केली की रात्रीचं रडणं, भटकणं, भांडणं कमी होतात, भाटीला गर्भाशयात पू होत नाही. ऑपरेशननंतर खाणं थोडं कमी करा, कारण वजन वाढतं.

पिल्लू हाताला चावतं, कारण आपणच त्याला हाताशी खेळायला शिकवतो. काठीला चिंधी बांधा, हात खेळणं नाही हे त्याला समजू द्या. चावलं तर ओरडू नका, खेळ थांबवून उठून जा. पिल्लाला माणसाची सवय लागते ती दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्या काळात रोज हळुवार हात लागला तर ते पुढे बुजत नाही. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. आई पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो. ती वास आणि धोका टाळण्यासाठी जागा बदलते. आपण सारखं पाहायला गेलो तर सात काय, दहा बदलेल.

सोफा ओरबाडणं हा नखांचा आणि वासाचा व्यवहार आहे. गोणपाट घट्ट गुंडाळलेला खांब, किंवा सुतळी लपेटलेली फळी, मांजर पूर्ण ताणलं तरी डगमगणार नाही अशी, सोफ्याच्या अगदी शेजारी उभी करा. ती वापरायला लागलं की मग हळूहळू सरकवा. नखं मुळापासून काढायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्यात बोटाचं पेर कापतात.

घरातल्या दोन मांजरांचं पटत नसेल तर नवं मांजर पहिल्या दिवशी समोर ठेवू नका. एका खोलीत वेगळं, आठवडा-पंधरा दिवस. एकाच्या अंगावरचा फडका दुसऱ्याच्या जागेत ठेवा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंनी दोघांना जेवण. दुसऱ्याच्या वासाबरोबर पोट भरतं हे दोघांना कळलं की दार फटीएवढं उघडा. आणि वर्षानुवर्षं एकत्र असलेली मांजरं अचानक भांडायला लागली तर पुन्हा तेच: एखाद्याचं काहीतरी दुखतंय.

रात्री तीनला उठवणारं मांजर दिवसभर झोपलेलं असतं. निजायच्या आधी पंधरा मिनिटं पळवा आणि मग पोटभर जेवायला द्या. शिकार, खाणं, चाटणं, झोप हा त्याचा क्रम आहे. म्हातारं मांजर मात्र रात्री घरभर फिरून हंबरडा फोडायला लागलं तर थायरॉइड, रक्तदाब, दिसणं, ऐकणं तपासून घ्या.

दवाखान्यात न्यायची तयारी आजारपण नसतानाच करा. पोत्यात घालून एस.टी.त बसू नका, श्वास कोंडतो. मी भाजीचे दोन प्लॅस्टिकचे क्रेट एकावर दुसरा पालथा ठेवून सुतळीने बांधते, आत माझ्या मनीचं रोजचं चिरगुट, वरून चादर. क्रेट वर्षभर घरातच उघडा ठेवते, ती त्यात झोपते. त्यामुळे निघायच्या दिवशी पकडापकडी होत नाही. कपाटाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: तालुक्याच्या दवाखान्याचा, नगरच्या दोन डॉक्टरांचा आणि रात्री गाडी देणाऱ्याचा नंबर. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री नंबर आहे. फिरतं पथक मुख्यतः गुरांसाठी असलं तरी विचारून पाहायला हरकत नाही. निघताना फोन करून विचारा, "मांजर बघाल का, नळी घालायची सोय आहे का?" पाऊणशे किलोमीटर जाऊन परत यावं लागलं तर ते तास मांजराच्या आयुष्यातून वजा होतात.

माझी मनी आता चौदा वर्षांची आहे. मूत्रपिंडं थकली आहेत. वहीत तिचं वजन जानेवारीत ३.६ किलो होतं, जूनमध्ये ३.२. तेवढ्यावरूनच तपासणी लवकर झाली आणि खाणं बदललं. पाण्याच्या थाळ्या चार झाल्या आहेत, एक तिच्या झोपायच्या जागेपासून दोन पावलांवर. घमेल्याची कड एका बाजूने कापून बुटकी केली, कारण तिला पाय उचलून आत जाताना सांधे दुखतात. खिडकीखाली एक स्टूल ठेवलंय. ती आधी स्टुलावर चढते, जरा थांबते, मग खिडकीत जाते आणि विंचरणा नदीच्या बाजूने येणारा वारा घेत बसते. या रविवारी ३.२५ भरली.